पाठमोरी वाटणी

दुपारचे दोन वाजले आहेत. मच्छीमार सोसायटीच्या पत्र्याच्या खोलीत नागपूरच्या कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवणारी डॉ. शरयू पिंपळापुरे बाजेवर डोळे मिटून पडली आहे. झोपायचं नाही, असं तिने बजावून ठेवलं आहे स्वतःला. चार वाजता सभा आहे. सकाळी ओढलेले मासे जाळ्यातच, पाण्यात कोंडून ठेवले आहेत आणि तिच्या छातीवर तिने लिहिलेला कागद आहे: यापुढे तलावातले मासे कामाच्या दिवसांवर वाटायचे. जो जितके दिवस पाण्यात उतरला, त्याला तितकं वजन. दोन वर्षं हे करून पाहिलं. आज सह्या झाल्या की कायमचा नियम.

पत्रा तापून टक् टक् वाजतो आहे. मग वाजायचा थांबतो.

बाजेच्या पायथ्याशी यसनबाई मारबते बसली आहे. पौषात गेली ती. चाळीस वर्षं या तलावाचे वाटे तिनेच घातले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पळसाची पानं मांडायची, घरटी एक, आणि नजरेच्या अंदाजाने प्रत्येक पानावर मासे. मग कुणीतरी पानांकडे पाठ करून उभं राहायचं. यसनबाई एका पानाला काठी लावून विचारायची, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस मनात येईल ते नाव घ्यायचा. ज्याचं नाव, त्याचं ते पान. वाटे घालणारीलाही आपलं पान कोणतं ते आधी ठाऊक नसायचं. शरयूने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वहीत लिहिलं होतं, 'अचूक मोजमाप नाही.' पुढच्या खेपेला ती वजनकाटा घेऊन आली.

"ऊठ," यसनबाई म्हणते. "लोळून लोळून कायदे करते काय वो?"

"मी झोपलेली नाही."

"मंग मीबी मेली नाई."

शरयू उठून बसते. "तुमचा राग मला कळतो. पण भाऊराव नान्हे दारू पिऊन घरी पडून असायचा आणि सगळ्यांइतकंच घेऊन जायचा. ते न्यायाचं होतं?"

"नव्हतं," यसनबाई चटकन कबूल करते, आणि तेच शरयूला जास्त झोंबतं. "त्याले मी चार लोकात शिव्या हासडत होती. पर त्याच्या घरचं पान मांडत होती. लेकरं होते ना त्याले. तुह्या कागदात माहे गुडघे कुठी हायेत, ते दाखव."

शरयू कागदात शोधते. कलम एक, कलम दोन. मान वर करते तर समोर नागपूरची तिची प्रयोगशाळा आहे. सूक्ष्मदर्शकं ओळीने मांडलेली, आणि फरशीवर मांडीभर गढूळ पाणी. त्या पाण्यात यसनबाई उभी आहे, लुगडं खोचून.

"तीस वर्स छातीभर पान्यात जाळं ओढलं. गुडघे त्याच पान्यात गेले. मंग तुहा काटा आला. दोन वर्स माह्या नावापुढं शून्य."

"तेजरामने तुम्हाला दोन मासे देऊ केले होते. अध्यक्ष असून स्वतःच्या वाट्यातले. तुम्ही ते फेकून दिलेत."

"देऊ केले!" यसनबाई पाण्यात थुंकते. "वाटा वेगळा आन भीक वेगळी, हे तुह्या कॉलेजात शिकवत नाईत काय?"

"उगाच माझ्यावर ओरडू नका. पाण्यात जे राबतात, त्यांचाच विचार केला मी."

"तू किती दिवस उतरली पान्यात?"

शरयू कागद उलटा करून पाहते.

"गेल्या सालचा मोठा रहू कोणाच्या गाडीत गेला?"

"तो मी मागितला नव्हता."

"मालूम हाय. तुले मागावंच लागत नाई."

शरयूची कानशिलं तापतात. काही बोलणार, तोच हातात मासे येतात. गार, निसटणारे. हे तिच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर आहे. मिक्सर तिचा, दुधाचं पातेलं तिचं, आणि ओट्यापासून थेट जिन्यापर्यंत पळसाची पानं.

"घाल वाटे," यसनबाई म्हणते. "तुह्या कागदापरमानं."

शरयू घालते. चाळीस दिवसांचा मोठा ढीग. दहा दिवसांचा लहान. हात सराईत चालतो, एक ग्रॅमही चुकत नाही. शेवटचं पान रिकामं राहतं.

"हे?"

"शून्य दिवस."

"बरं." यसनबाई पाठ करून उभी राहते. तिच्या लुगड्यातून फरशीवर पाणी ठिबकतं आहे. "इचार आता, कोणाचा ते."

काठी शरयूच्या हातात आहे, पण जाते स्वतःच्या मनाने. रिकाम्या पानावर टेकते.

"हा कोणाचा?"

"शरयूचा. वय सत्तर, गुडघे गेलेले."

"तुम्ही पाहिलंत! मुद्दाम घेतलंत माझं नाव!"

"पाठ हाय माही. मले का दिसते?"

शरयू खाली वाकते आणि मोठ्या ढिगातून दोन्ही हातांनी मासे उपसून रिकाम्या पानावर टाकायला लागते. यसनबाई गर्रकन वळून तिचं मनगट धरते. बोटं दोरासारखी चिवट, गार.

"आता चालला हात! नाव निंघाल्यावर चालला."

"सोडा."

"नाव निंघायच्या आधी काहून नाई चालला, मॅडम?"

"सोडा म्हणते ना!"

"नाई सोडत."

पत्रा टक् टक् वाजतो आहे.

दारात तेजराम उभा आहे. "मॅडम, लोक जमले पाळीवर. तुमच्यासाठी एक रहू बाजूले काढून ठेवला, सगळ्यात मोठा."

शरयूच्या मनगटावर एक खवला चिकटला आहे. ओला. आज तिने एकाही माशाला हात लावलेला नाही. सवयीने ती पिशवीतलं भिंग काढते आणि खवला खिडकीच्या उजेडात धरते. माशाचं वय खवल्यावरच्या कड्यांवरून कळतं, वर्षाला एक कडं. या तलावात दर आषाढात बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडतात आणि उन्हाळ्यात सगळा तलाव उपसून काढतात. इथल्या खवल्यावर फार तर एक कडं असायला हवं.

ती मोजते. पुन्हा मोजते.

सात.

"मॅडम?"

"तो रहू परत जाळ्यात टाका," शरयू म्हणते. "आणि पळसाची पानं आणा. जितकी घरं तितकी. म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची, सगळी."

तेजरामचा चेहरा ताठरतो. "अन् कागद? सकाळपासून पोट्टे पान्यात हायेत. त्याहिले काय सांगू? मॅडमचं मन फिरलं?"

"हो, तसंच सांगा. शिव्या द्यायच्या तर मला देऊ द्या."

ती खवला कागदावर ठेवते आणि कागदाची घडी घालते.

"वाटे त्या पाण्यातल्या पोरांनाच घालू द्या," ती चपला शोधत म्हणते. "पाठ मी करते."