घरात टोप एकच होता

वेणू गेली हे मला शेजारचा आवाज बंद पडल्यावर कळलं. दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि भिंतीपलीकडे गंज उडवायच्या वाळूच्या बंदुकीचं फुसफुसणं चालू होतं. ते मध्येच थांबलं. तशी ती बंदूक रोजच थांबायची, नळी चोंदली की थांबायची. पण या वेळी तिच्यामागचं हवेचं यंत्रही बंद झालं आणि वेणूच्या सासूबाईंचा हंबरडा कानावर आला. वेणूचा भाऊ तुमसरकडून निरोप घेऊन आला होता. आदल्या दिवशीच अग्नी देऊन झाला होता. कुणाची वाट पाहायची, असं त्याला वाटलं असावं... आणि खरं सांगायचं तर मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही. बायको माहेरी शेवटचे श्वास मोजत असताना इकडे नवरा दुसऱ्या कुणाच्या तरी पलंगाचा गंज काढत होता.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन शांत ठेवावं. माझं मन शांत नाही आणि ते शांत झाल्यावर लिहीन म्हटलं तर हा लेख कधीच लिहून होणार नाही.

वेणू आणि तिचा नवरा महादेवराव आमच्या शेजारी आले तेव्हा भिलाईच्या कारखान्याचे खांब नुकते उभे राहत होते. दोघंही भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्यांच्या घरातली. आमचे हे कारखान्याच्या कचेरीत, महादेवराव लोखंडी कामाच्या यार्डात. लोखंडाच्या तुळयांना लाल रंग लावण्याआधी त्यांच्यावर जोरात वाळू मारून गंज उडवायचा, हे त्यांचं काम. क्वार्टर मिळेना म्हणून त्यांनी दुर्गच्या कडेला आमच्या भिंतीला लागून असलेलं जुनं कौलारू घर स्वस्तात घेतलं. स्वस्तात का, ते दारं-खिडक्या पाहूनच कळत होतं. आधीच्या मालकानं दर दिवाळीला जुन्या रंगावर नवा तेलरंग चोपडलेला. दारावर काही नक्षी आहे हेसुद्धा बोट फिरवल्याशिवाय समजायचं नाही.

महादेवरावांच्या अंगात कला होती, हे मी नाकारत नाही. मोडीत निघालेली तोटी आणि रबरी नळी जोडून त्यांनी हातात धरता येईल अशी छोटी वाळूची बंदूक बनवली. टायरमध्ये हवा भरायचं एक जुनं यंत्र मिळवून ते परसात बसवलं. लाकूड सोलवटून निघू नये म्हणून हवेचा जोर कमी करायचा, लोखंडाला वाढवायचा, हे सगळं ते हळूहळू शिकले. पहिल्याच महिन्यात दाराचा रंग उतरला आणि खालून सागवानाच्या वेलबुट्ट्या वर आल्या. सगळी आळी बघायला लोटली. मग काय विचारता! कुणी खिडकीचे गज आणले, कुणी आजोबांच्या वेळची पेटी, कुणी लग्नातला लोखंडी पलंग. गावाकडून जुनंपानं सामान घेऊन आलेल्या प्रत्येकाला ते नव्यासारखं करून हवं होतं.

बंदूक पहिल्यांदा सुरू झाली तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी महादेवराव आम्हा सगळ्यांना ऐटीत सांगत होते, "यार्डात साहेब म्हन्ते, टोप घातल्याबिगर वाळूपाशी उभं नाही राहाचं. धूळ छातीत जाऊन बसते, मंग ते निंघत नाही." आणि असा टोप त्यांनी घरीही घातला होता. जाड कॅनव्हासचा, खांद्यापर्यंत येणारा, डोळ्यांपुढे काचेचा तुकडा. तो वेणूनं शिवला होता. कॅनव्हास मानेला काचू नये म्हणून तिनं आतून आपल्या लग्नातल्या साडीचं अस्तर लावलं होतं. आम्ही बायका हसलो, "वेणू, आता नवऱ्याच्या गळ्यात पडायची तुला गरजच नाही!" ती लाजून आत पळाली.

आता त्या दिवसांत वेणू काय करत होती ते ऐका. बंदुकीला वाळू लागते आणि ती कसली तरी चालत नाही. मोठा खडा आला की नळी चोंदते, ओली असली की चोंदते. शिवनाथेच्या काठची वाळू आली की ती अंगणात पसरून वाळवायची आणि चाळायची. एकदा मारलेली वाळू फेकायची नाही, केरसुणीनं गोळा करून पुन्हा चाळायची, पुन्हा मारायची. वाळू फुटत फुटत पिठासारखी होत जायची आणि चाळताना ते पीठ वेणूच्या तोंडावर उडायचं. तिच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. पदर नाकाला लावला की एका हातानं चाळणी धरता येत नाही, म्हणून पदर कमरेला खोचलेला. चाळणीच्या कडेवर तळहातानं दोन चापट्या मारून ती मान वळवून शिंकायची आणि पुढचं घमेलं ओतायची.

मी एकदा विचारलंच, "अवं, एक टोप तुह्यासाठी कावून नाही शिवला?"

"काच एकच भेटली न बाई," ती म्हणाली. "आन् चाळनीले काय टोप लागते? बंदूक त त्यायच्या हातात हाय. मी त दूर बसून राहिली."

"मंग पानी तरी शिंपडत जाय."

"ओली झाली त नळी बसते. मंग हे चिडते."

हे चिडते... महादेवरावांना तिच्यावर हात उगारताना मी कधी पाहिलं नाही. जत्रेतून तिला बांगड्या आणायचे, वडा पहिला तिच्या ताटात वाढायचे. त्यामुळेच माझा संताप जास्त होतो. दुष्ट माणसाला माणूस शिव्या तरी देतो. या माणसाला धूळ छातीत बसते हे माहीत होतं. त्यानं ते चारचौघांत सांगितलं होतं. आणि दहा हातांवर त्याच धुळीत बसलेली बायको त्याला काचेतून रोज दिसत होती. ती काच वेणू रोज संध्याकाळी पुसून ठेवायची, तेव्हा स्वच्छ दिसत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही.

खोकला सुरू झाला तेव्हा सासूबाईंनी आधी काढे दिले. वेणू वाळत चालली, आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना मध्येच बसू लागली, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काय खातेस, काय पितेस, घरात कुणाला होता का, सगळं विचारलं. दिवसभर काय करतेस हे विचारलं नाही. टीबी म्हणाले आणि औषध दिलं. त्या औषधानं तसूभर फरक पडला नाही. पण त्या एका शब्दानं घरातलं सगळं बदललं. वेणूचा पेला वेगळा, ताट वेगळं, अंथरूण पडवीत. "आमच्या खानदानात कोनाले असं नाही झालं," सासूबाई दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या, "हे तिकडूनच घेऊन आली." ज्यांचे पलंग तिच्या वाळूनं चमकले, त्या बायकांनी तिच्या हातचं पाणी बंद केलं. आणि गंमत पाहा... घागर शिवू नको म्हणायचे, चाळणी मात्र कुणी तिच्या हातातून घेतली नाही. माहेरी जाईपर्यंत पडवीत बसून ती चाळतच होती.

मी महादेवरावांना तोंडावर म्हटलं, हा टीबी नाही, ही तुमची वाळू आहे. ते म्हणाले, "वैनी, बंदूक त मी चालवतो. मले कुठं काय झालं?" टोप घातलेला माणूस मला विचारत होता की मला कसं काही झालं नाही.

मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माहेरी धाडायला कुणाला जड गेलं नाही. जिथला रोग तिथे जाऊ दे, असा हिशेब. टांगा दारात उभा होता. महादेवरावांनी तिला उचलून बसवलं, शाल नीट केली, त्यांचे डोळे भरले होते. रडले म्हणून मी काही विरघळले नाही. वेणूनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं काही मनातलं सांगेल. धाप लागत लागत म्हणाली, "बाई, चाळनी उन्हात ठेवजा... गंज लागते तिले." ती परत येणार होती ना! तिच्या मनात ती परत येऊन कामाला बसणार होती. ही आमची शेवटची भेट.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे फुसफुस सुरू झाली. मी तशीच उठून गेले. सासूबाई म्हणाल्या, तिची आठवण म्हणून काहीतरी घेऊन जा. मी खुंटीवरचा टोप मागितला. महादेवराव पटकन म्हणाले, "दुसरं काही बी न्या वैनी. तो कामाचा हाय." मग सासूबाईंनी वेणूची एक जांभळी सुती साडी माझ्या हातावर ठेवली आणि आवाज खाली करून सांगितलं की गोंदियाकडची एक मुलगी पाहून ठेवली आहे, घरात बाईमाणूस लागतंच, कामं किती खोळंबली आहेत... चाळणी कोपऱ्यात उभी होती. तिची जाळी नवी बसवून आणली होती.

ते दार पाहायला अजून लोक येतात. बोटं फिरवतात, वा वा करतात. मला त्या वेलबुट्ट्यांकडे बघवत नाही.

मी यांच्याकरवी जाड कॅनव्हास आणवला आहे. काचवाल्याकडून तुकडा कापून घेतला, काचा हव्या तितक्या मिळतात. जांभळी साडी उसवून तिचं अस्तर लावते आहे, म्हणजे मानेला काचणार नाही. मागच्या बाजूला मुद्दाम जागा जास्त सोडली आहे, अंबाडा मावला पाहिजे. त्या मुलीचं नाव मला अजून माहीत नाही. तिची वरात दाराशी आली की ओटी भरायच्या आधी हा टोप तिच्या हातात देणार आहे, सगळ्यांच्या देखत.