पाण्यातले दात, कोरड्या कांड्या

दिनकरअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा जुन्नरच्या माझ्या दवाखान्यात एका पेशंटची दाढ पकडीत धरलेली होती. मी "बरं" म्हटलं आणि दाढ काढली. दहाव्याला पिंपरी पेंढारला गेले, तर जो तो म्हणत होता, "लई देवमाणूस व्हता." असेल! माझ्या वाट्याला तो देव काही आला नाही. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... ज्यांना चांगलं बोलायचंय त्यांनी खुशाल बोलावं, मी माझं लिहिते.

अण्णा माझा आतेभाऊ. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दातांचे त्रिमितीय एक्स-रे काढणारं मशीन सांभाळायचा. दात न फोडता आतली कीड किती खोल गेलीय, ते त्यात दिसतं. मी तेव्हा पीएचडी करत होते. घाटघर गावात घरोघर फिरून पोरांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. तिथे पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर फेकतात. "तुमी दात नेला तर नवा कसा येईल?" म्हणून सुली नावाच्या एका पोरीची आई माझ्याशी भांडलीच. "येईल हो! आणि आत काय बिघडलंय ते मी स्वतः येऊन सांगेन," असा शब्द मी तिला दिला. एकटीला नाही, सगळ्यांनाच दिला.

दात मोजण्याआधी त्या मशीनला माप शिकवावं लागतं. घनता ठाऊक असलेल्या खनिजाच्या कांड्या आत ठेवायच्या, त्या किती पांढऱ्या दिसतात ते बघायचं आणि त्यावरून दात जोखायचा. दात वाळून तडकू नयेत म्हणून मी ते पाण्याच्या नळीत ठेवत होते. कांड्या मात्र कोरड्याच. पाण्यातून किरण गेले की दात आहे त्यापेक्षा कमी पांढरा, म्हणजे कमी घट्ट दिसतो, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. चूक माझी, शंभर टक्के माझी. पण अण्णा दोन वर्षं शेजारी बसून चहा पीत होता! सगळं लिहून झाल्यावर, माझ्या गाइडसमोर, शांतपणे म्हणाला, "आकडं खोटं हायेत. सगळं दात हायेत त्यापरीस किडल्यालं दिसत्यात."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासनं. म्हटलं, तुजं तुला कळतंय का बघावं."

बघावं म्हणे! माझी पीएचडी सुटली. आठ वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही, राखीसुद्धा पाठवली नाही. घाटघरलाही गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते?

मागच्या आठवड्यात वहिनी एक फाइल घेऊन आल्या. पाण्यात बुडवलेल्या कांड्यांची नवी मापं, आणि मी प्रयोगशाळेत टाकून आलेला एकेक दात पुन्हा मोजलेला, मुलांच्या नावांसकट. अक्षर अण्णाचं. रविवारी रविवारी जाऊन करायचा म्हणे. सहा वर्षांपूर्वीच संपवलं होतं.

"मग दिलं का नाही, वहिनी?"

"म्हनायचे, तिनं येऊन मागावं. थोरला भाऊ हाय मी तिचा."

असा संताप झाला... सहा वर्षं कपाटात! सुलीच्या पानावर लिहिलं होतं, 'कवच मुळातच कच्चं. नव्या दाढा लवकर बघायला सांग.'

काल फाइल घेऊन घाटघरला गेले. सुलीच्या आईने ओळखलं, पाणी दिलं. सुली आता कॉलेजला जाते. हसताना तोंडावर हात धरते. मी हात बाजूला करायला सांगितला. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा काढलेल्या होत्या.

फाइल माझ्या मांडीवर होती. अण्णाला घालायच्या सगळ्या शिव्या तोंडात होत्या. सुलीच्या आईने नुसतं विचारलं, "ताई, तुमी येनार व्हता ना?"