नारळ निर्दोष आहे

माशाचं काय बिनसलंय हे नुसतं त्याच्या तोंडाकडे बघून सांगणारी व्यक्ती साऱ्या अरबस्तानात एकच होती, आणि ती शारजात आमच्या फ्लॅटच्या तिसऱ्या खोलीत राहायची. नात्याने माझ्या बायकोची आत्या. पण पुढे माझी, माझ्या मुलीची, वॉचमनची आणि खालच्या ग्रोसरीवाल्या मलबारी भाईचीही आत्याच. मूळच्या हर्णैच्या. पेशाने माशांच्या डॉक्टर, त्यातही थंड पाण्यात पाळलेल्या माशांच्या विषाणूंच्या. हिमाचलात ट्राउट, उत्तरेच्या बर्फाळ देशांत सॅमन असा संसार करून साठीला टेकल्यावर त्या या वाळवंटात आल्या, कारण इथल्या एका अरबाबाने, म्हणजे मालकाने, शेडमध्ये टाक्या बांधून सॅमन वाढवायचा घाट घातला होता. बाहेर अंडं फोडलं तर रस्त्यावर ऑम्लेट होईल असं ऊन, आणि आत स्वेटर घालून माशांना भरवणारी माणसं.

आत्या राहायला आल्या त्याच दिवशी आमच्या दारात एक गुलाबी औषधाचा ट्रे आला. घरात शिरणाऱ्याने त्यात पाय बुडवूनच पुढे यायचं. "जावईबापू, बूट!" ही हाक मी इतक्या वेळा ऐकली आहे की ऑफिसातही दार उघडताना माझा पाय आपोआप अडखळतो. पाहुणे कुरकुरायचे. शेजारच्या वहिनींनी हळदीकुंकवाला नवी कोरी कोल्हापुरी घालून आल्याचं सांगून पाहिलं. "विषाणूला व्हिसा लागत नाही, वहिनी," आत्या शांतपणे म्हणाल्या, आणि वहिनींनी पदर सावरत पाय बुडवला.

माझ्या मुलीने एकदा हट्टाने गोल्डफिश आणला. आत्यांनी त्याला महिनाभर बाथरूममध्ये वेगळं ठेवलं. आम्ही सगळे एका बाथरूमपुढे रांग लावून उभे, आणि हा बोटभर मासा दुसरी अख्खी अडवून बसलेला. "आत्याआजी, इट्स जस्ट अ गोल्डफिश!" मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली. "म्हणून त्याला कमी लेखायचं?" आत्यांनी विचारलं. लग्नाच्या बुफेत सॅमनचे तुकडे नुसते दिसले तरी दुसऱ्या दिवशी फार्मवर जाण्याआधी त्या दोनदा अंघोळ करत. स्वतः त्या सॅमनला कधी तोंड लावत नसत. सुरमई, बांगडा, मोरी मिटक्या मारत खातील. सॅमन मात्र नाही. "पेशंट खाऊ नये माणसाने," असं त्यांचं साधं म्हणणं होतं. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी डॉक्टर म्हणून त्यांना गुडघा दाखवायला आलं, तर म्हणाल्या, "तुम्हाला कल्ले असते तर मी नक्की काहीतरी केलं असतं." आणि तरीही जाता जाता त्यांनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितलीच. माणूस असो वा मासा, आत लाल आहे ना, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

आमच्या फ्रीझरमध्ये मटारांच्या पिशव्यांशेजारी त्यांचा एक डबा असे. झाकणावर ठळक अक्षरांत, "खाऊ नका". फार्मसाठी परदेशातून बर्फात घालून सॅमनची अंडी आली, की प्रत्येक खोक्यातली चिमूटभर आत्या त्यात राखून ठेवत. "कशाला?" असं मी विचारलं. "कधीकधी मागे वळून बघावं लागतं," त्या म्हणाल्या. मी मटार काढून झाकण लावलं.

फार्मचा मॅनेजर अझीम. जन्म शारजाचा, घराणं दाभोळचं, आजोबांची मच्छीमारीची होडी होती. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तो एकाच वाक्यात बोलायचा आणि आत्यांना देवासारखं मानायचा. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला त्याने रोल्याच्या बाजारातून एक छान शेंडीवाला नारळ आणला. "आत्या, सरप्राइज! आमच्या दादाजींची होडीपण नारळाशिवाय पाण्यात जायची नाही. इथे आपला दर्या हाच ना?" असं म्हणून त्याने मोठ्या कौतुकाने तो नारळ पिल्लांच्या टाकीत सोडला. धप्प!

आत्यांचा आवाज त्या दिवशी शेडच्या पत्र्यांपर्यंत गेला. कुठल्या दुकानातला, कुणाकुणाच्या हातांतून आलेला, शेंडीसकट नारळ, आणि तो पिल्लांच्या पाण्यात! नारळ काढून औषधाच्या बादलीत गेला, टाकीला वेगळं झाकण बसलं, आणि अझीमचा चेहरा खोबऱ्यासारखा पांढरा झाला. साऱ्या कामगारांनी ते ऐकलं. पुढे जे घडलं ते त्यामुळेच.

काही आठवड्यांनी त्याच टाकीतली पिल्लं काळवंडली, पोटं फुगली, गिरक्या घेत तळाशी जाऊ लागली. आत्यांनी बघताक्षणी ओळखलं. स्वादुपिंड सडवणारा विषाणू. याला औषध नसतं. उरलेल्यांना वाचवायचं तर त्या टाकीतली सगळी पिल्लं मारावी लागतात. तपासणीने तेच सांगितलं. ते काम त्यांनी कामगारांवर टाकलं नाही. पाण्यात गुंगीचं औषध घालून त्या स्वतः टाकीच्या काठावर उभ्या राहिल्या. घरी येऊन जेवल्या नाहीत.

आणि फार्मभर एकच चर्चा सुरू झाली: नारळाने घात केला. आत्याच ओरडल्या होत्या ना? अरबाबाने अझीमला नोटीस द्यायचं ठरवलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि दोन मुलं इथल्या शाळेत. अझीम आमच्याकडे आला, ट्रेमध्ये पाय बुडवून तसाच उभा राहिला. "आय किल्ड देम, आत्या. खलास."

तो गेल्यावर आत्यांनी फ्रीझर उघडला. माझ्या बायकोच्या ध्यानात आलं. "आत्या, राहू दे ना तो डबा. ती अंडी आत घ्यायला हो तूच म्हणालीस. सगळे नारळाला बोल लावतायत, लावू देत."

"नारळाला लावतायत गं, पण जाणार अझीम."

"आणि अंड्यांत निघालं तर तू जाशील!"

"मी कुठेतरी जाणारच आहे," आत्या म्हणाल्या आणि डबा बर्फात बांधून तपासणीला पाठवला.

निकाल आला त्या दिवशी त्यांना फार्मवर मीच नेलं. अरबाब खुर्चीत, अझीम भिंतीला टेकून. आत्या उभ्याच राहिल्या. इथल्या कितीतरी मालकांसारखं अरबाबालाही हिंदी उत्तम येत असे. "डॉक्टर, नारियल से हुआ ना?"

"नहीं, अरबाब. नारियल को ये बीमारी होती ही नहीं. अंडे में ही था, नारियल से पहले. अंडे भेजनेवाली कंपनी का सर्टिफिकेट देखा, आपको जल्दी थी, और मैंने अपनी टेस्ट का इंतजार नहीं किया. गलती मेरी है." मग मराठीत, अझीमकडे वळून, "तुझ्यावर ओरडले ते बरोबरच होतं. पण या पिल्लांना तू मारलं नाहीस. नारळ निर्दोष आहे."

अझीम लहान मुलासारखा रडला. मला आत्यांचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच उठून उभा राहिलो.

अझीम राहिला. आत्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर ते वाढवलं गेलं नाही. जाण्याआधी त्यांनी नवी अंडी आणवली, स्वतः तपासली, निकाल हातात येईपर्यंत एकही अंडं आत जाऊ दिलं नाही. मग हर्णैला निघून गेल्या. विमानतळावर म्हणाल्या, "ट्रेमधलं औषध बदलत जा, जावईबापू." मी बदलतो. पाहुणे आता विचारतात, हे कशाला? मला धड सांगता येत नाही.

परवा अझीम दारात आला, न सांगता ट्रेमध्ये पाय बुडवून. हातात खोकं, खोक्यात बर्फ, बर्फात फार्मचा पहिला मोठा सॅमन, मुंडीसकट. त्याच नव्या अंड्यांतला. बायकोने हर्णैला व्हिडिओ कॉल लावला.

"कल्ला उचल," आत्या नमस्कारही न घेता म्हणाल्या.

अझीमने कल्ला उचलला, मी फोन जवळ धरला. पडद्यावर त्यांचा चष्मा तेवढा दिसत होता. मागे हर्णैचा दर्या ऐकू येत होता.

"लाल आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "खा रे आता सगळे."

"आत्या, तुमच्याशिवाय कसा खाऊ?" अझीम म्हणाला.

"मी पेशंट खात नाही." मग म्हणाल्या, "आणि कालवणात नारळ सढळ हाताने घाला. त्याचा काही दोष नाही."