जयमालाबाईंची फ्लॉपी

१९९८ साली मी पुण्याहून सुप्याच्या एका कारखान्यात गेलो, कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकली आणि मालाची चलनं छापायचा चालता प्रोग्राम बंद पाडला. दोन दिवस झटलो. मग "प्रोग्रामच जुनाट आहे," म्हणून मोकळा झालो.

ऑपरेटर जयमाला साळवे म्हणाल्या, "साहेब, त्याला त्याची जुनी फाईल पायजे. तो आधी आपल्या घरात हुडकतो, मग बाहेर."

त्यांनी ड्रॉवरमधून एक फ्लॉपी काढली आणि तिच्यावरची जुनी फाईल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये टाकली. विंडोजनं आणलेल्या त्याच नावाच्या नव्या फाईलला हातसुद्धा लावला नाही. प्रिंटर खडखडला, चलन निघालं. एवढी साधी युक्ती मला, इंजिनिअरला, सुचली नव्हती!

फ्लॉपीच्या लेबलावर मी येण्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती. खाली लिहिलं होतं, "उद्या साहेब येणार. चालू आहे तोवर काढून ठेवलं."