बोहनीचं सॅम्पल

मला सगळं दिसतं, असा माझा लई दिवस समज होता. मी संगमेश्वर, वय चोपन्न, मूळचा उदगीरचा. लातुरात एका खाजगी पाणी तपासणी लॅबमधी अकरा वर्षं झाली मशीनवर बसतोय. हे मशीन पाण्यातून डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडतं. पाण्यात नायट्रेट असलं की ते प्रकाश गिळतं. पलीकडं जितका कमी प्रकाश निघाला, तितकं पाणी खराब. लिटरभर पाण्यात चिमटीचा हजारावा हिस्सा असला तरी सापडतो. हे मी आल्यागेल्याला अशा तोऱ्यात सांगायचो, जसं काय मशीन मीच जन्माला घातलं.

ते बसवायला नांदेडहून इंजिनिअर आला होता. पाणी भरायची काचेची चौकोनी कुपी दाखवून तो म्हणाला, "हिच्या दोन बाजू घासलेल्या, दोन लख्ख. प्रकाश लख्ख बाजूतून जातो. तिथं बोट लागलं, तर बोटाचं तेलबी मशीन पाण्याच्याच नावावर टाकतं." मी हे भिंतीवर लाल अक्षरात लिहून लावलं आणि जो चुकला त्याला धुऊन काढला.

शिरूर अनंतपाळकडं मुलींचं एक वसतिगृह हाय. तिथल्या अधीक्षिका विशाखा मॅडम. वयानं तिशीच्या, पण शिस्तीला पक्क्या. विहिरीचं पाणी घेऊन पहिल्या बसनं निघायच्या. आमचं शटर वर जायच्या आत बर्फाचा डबा घेऊन पायरीवर हजर. नायट्रेटची मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमची. त्यांचं पाणी आलं एक्कावन्न. महिन्यानं परत आणलं, तर त्रेपन्न. विहिरीला कुलूप लागलं आणि साठ पोरी अर्ध्या किलोमीटरवरच्या हापशावरून घागरी वाहू लागल्या. तिसऱ्यांदा नापास झालं तर वसतिगृहच बंद. पोरींनी आपापल्या गावाला जायचं, शाळा गेली चुलीत.

"काका, विहिरीजवळ ना गटार हाय ना उकिरडा. हे येतंय कुठून?" त्यांनी विचारलं होतं.

"मॅडम, माणूस खोटं बोलतं, मशीन न्हाई," मी म्हणालो. वर चष्माबी पुसला. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावी वाटते.

तिसऱ्या वेळी त्यांची बस पंक्चर झाली. त्या पोचल्या अकराला. त्या दिवशी पहिलं सॅम्पल माझ्या मेव्हण्याचं, शिवप्रसादचं होतं. त्याचा जारच्या पाण्याचा प्लांट. फिल्टरचं पाणी, दोन-तीनच्या वर जायला नको, आलं तेवीस. मी फोनवर त्याला झाडला, "नाल्यातलं भरून राहिलास का रे?" त्यानं माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

मग मॅडमचं पाणी लावलं. तीस! परत लावलं, तीस. मॅडम बाकावर बसल्या. मला सकाळच्या आकड्याची शंका आली. शिवप्रसादचं परत लावलं, तर दोन. सकाळी पहिलं लावलं तवा हेच तेवीस होतं, हे मी मॅडमना सांगितलं.

मॅडम उठून मशीनजवळ आल्या. "काका, सकाळचं पहिलं सॅम्पल कसं लावता, तसंच करून दाखवा."

मी कुपी धुतली, भरली, पुसली, घासलेल्या बाजूनं धरली, डोळे मिटले, कपाळाला टेकवली आणि मशीनकडं नेली.

"थांबा! कपाळाला का लावली?"

का म्हणजे? बोहनी! माझ्या बापाचं उदगिरात किराणा दुकान होतं. दिवसाचा पहिला पैसा कपाळाला लावल्याबिगर गल्ल्यात जायचा न्हाई. दुकान बुडालं, सवय माझ्याकडं आली. आणि कपाळावर रोज लिंगपूजा करून ओढलेले विभूतीचे तीन पट्टे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी अकरा वर्षं मोजलं. माझं मुसळ कपाळावर होतं, तेबी तीन पट्ट्यांचं. कुपी उजेडात धरली. लख्ख बाजूवर घामात भिजलेली राख.

बाई शिस्तीच्या म्हणून पहिल्या यायच्या, आणि पहिल्या यायच्या म्हणून नापास व्हायच्या.

आधीचे दोन्ही रिपोर्ट चुकीचे, चूक माझी, असं लिहून सही केली. कागद घेऊन मी स्वतः वसतिगृहावर गेलो. विहिरीचं कुलूप निघालं. सातवीतल्या बुद्धप्रियानं मला पहिला गिलास आणून दिला. तिच्या तळहाताला हापशाचे घट्टे पडले होते.

"सर, पाणी आता चांगलं झालं का?"

"पाणी आधीबी चांगलंच होतं बाळा. खराब मी होतो."

बोलता बोलता माझा हात गिलास घेऊन आपसूक कपाळाकडं निघाला.

"काका!" मॅडम ओरडल्या. साठ पोरी खो खो हसल्या. मीबी हसलो, पण त्या घट्ट्यांकडं बघून मला लई लाज वाटली.

आता लॅब सुटल्यावर रजिस्टर घेऊन बसतो. रोजची पहिली ओळ तेवढी बघतो आणि त्यात थोडक्यात नापास झालेलं नाव वेगळं लिहितो. आज हिमायतनगरकडची एक विहीर सापडली. फोन लावला, तर कळलं, पाच वर्षांखाली शेहेचाळीस आली म्हणून बुजवली होती.