पुठ्ठेमास्तरांची शिस्त

त्यांचं खरं नाव बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. सगळे त्यांना पुठ्ठेमास्तर म्हणत, समोर अदबीने आणि पाठीमागे हसत. एकतीस वर्षं माणूस कागदाच्या कारखान्यात, निवड विभागात उभा राहिलेला. शहरभरचा पुठ्ठा ट्रकमधून येऊन त्यांच्यापुढे ओतला जायचा आणि लगद्याच्या टाकीत काय जायचं, काय नाही, हे त्यांचे दोन हात ठरवायचे. निवृत्तीनंतर ते हात स्वस्थ बसतील अशी आशा फक्त त्यांच्या बायकोला होती, आणि तिलाही बिचारीला चारच दिवस.

घरात खोकं आलं की मास्तर हातातला चहा तसाच ठेवून उठत. आधी चिकटपट्टी. ती ओरबाडायची नाही, नखाने टोक उचलून सबंध ओढायची, कारण तिचे तुकडे लगद्यात विरघळत नाहीत, चाळणीत जाऊन बसतात. मग पक्कडीने तारेच्या पिना. मग पत्त्याचा चिकट कागद, आतला थर्माकोल. तळ उघडायचा, खोकं गुडघ्याखाली घेऊन सपाट करायचं आणि सगळी एका मापात लावून सुतळीने बांधायची. तेल लागलेला भाग कापून वेगळा. तळमजल्यावरच्या शिंप्याने एकदा खाऊचं तेलकट खोकं त्यांच्या गठ्ठ्यात गुपचूप सरकवलं, तर मास्तर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. आतून प्लास्टिकचा थर असलेली फळांच्या रसाची खोकी तर त्यांच्या लेखी गद्दारच. दिसायला पुठ्ठा आणि पोटात भलतंच.

माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतंत तर मी कुठल्या कुठे गेले असते, असं बायको म्हणायची. तुला कुठे चिकटपट्टी आहे, असं म्हणून ते पुन्हा खोक्यात डोकं घालायचे. तिला राग यायचा आणि हसूही यायचं. संसार म्हणजे दुसरं काय असतं!

मग त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग गॅस बंद करणं, मग मुलीचं नाव. एके दिवशी त्यांनी बायकोला ‘बाई’ म्हणून हाक मारली, आणि त्यानंतर आठ महिने तिला दुसरी हाक मिळालीच नाही. हात मात्र काही विसरले नाहीत. समोर खोकं ठेवलं की मास्तर शांत होत, नाहीतर दिवसभर दार ओढत बसत. पण घरात येऊन येऊन खोकी येणार किती? शिंपी आता जमतील तेवढी आणून द्यायचा, तरी ती दोन दिवसांत संपायची. म्हणून बायकोने एक युक्ती काढली. दुपारी ते झोपले की ती गठ्ठा सोडायची, सपाट केलेली खोकी पुन्हा उभी करायची आणि तळाला चिकटपट्टी लावायची. ज्या चिकटपट्टीशी नवऱ्याने जन्मभर वैर धरलं, ती तिने घाऊक आणून ठेवली होती. उठल्यावर मास्तर ढिगाकडे बघत, आज माल फार आलाय म्हणत आणि कामाला बसत. आपण या माणसाला फसवतोय, हे तिला रोज टोचायचं. पण संध्याकाळ निभायची.

पुढे पुढे तेही पुरेना. ती आंघोळीला गेली की ते निघून जायचे. तिसऱ्या खेपेला ते सापडले कारखान्याच्या फाटकाशी. कारखाना बंद पडून सहा वर्षं झालेली, फाटकाला कुलूप, आणि मास्तर अनवाणी, रक्ताळल्या पायांनी, पाळी सुरू होण्याची वाट बघत बसलेले. त्यानंतर न्हाणीघरात त्यांना सावरताना ती स्वतःच पडली आणि तिचं मनगट मोडलं. मुलगी दुसऱ्या शहरात शिक्षिका. अशा माणसांना सांभाळणारी एक चांगली जागा तिने महिन्यापूर्वीच शोधून ठेवली होती आणि आई महिनाभर नाही म्हणत होती. प्लास्टर घातलेल्या हाताकडे बघत तिने अखेर हो म्हटलं. म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून तिला घास गोड लागला नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी मुलगी भाड्याची गाडी घेऊन आली. तिने वडिलांचे कपडे, चादरी, औषधं दोन खोक्यांत भरली, वरून पट्टी मारली आणि ती आईला औषधांच्या वेळा विचारायला आत गेली. बाहेर येऊन बघते तो कपडे पलंगावर नीट रचून ठेवलेले आणि खोकी गुडघ्याखाली. तिने पुन्हा भरली. मास्तरांनी पुन्हा रिकामी केली, न चिडता, पट्टी सबंध ओढून. तिसऱ्या वेळी मुलगी मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

“आई, बाबांना जायचं नाहीये. बघ ना.”

हेच तर आईला कुणीतरी म्हणायला हवं होतं. ती नवऱ्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिने हळूच विचारलं, “अहो, तुम्हाला जायचं नाही ना?”

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं, सौजन्याने.

“बाई, भरलेलं खोकं आम्ही घेत नाही. रिकामं करून आणा.”

तेव्हा तिला कळलं, की हा माणूस हट्ट करत नव्हता. त्याला ना घर ठाऊक होतं, ना जाणं. या घरात नाही म्हणणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे ती स्वतः.

मुलीने डोळे पुसले आणि कपडे पिशवीत भरले. पण मास्तर उठेनात. तिने दंड धरला, तो त्यांनी झटकला. ड्रायव्हर वर आला तेव्हा त्यांनी त्याच्यावर हात उगारला. अख्ख्या आयुष्यात कुणाला चापट न मारलेला माणूस. बायकोने दोघांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. जे बोलायचं होतं ते तिला मुलीसमोर बोलवलं नसतं.

“अहो, कारखान्यातून निरोप आलाय. ट्रक येऊन उभा आहे आणि निवडायला माणूस नाही.”

मास्तर उठले. त्यांनी चपला मागितल्या. शर्टाची बटणं वर्षभर तीच लावून देत होती, ती आज त्यांनी स्वतः लावली, एकही न चुकता. जिना उतरताना मुलीला त्यांना गाठायला धावावं लागलं. गाडीचं दार उघडून ते थांबले, वळले आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याकडे बघावं तसं.

“अगं, आज उशीर होईल. माझ्यासाठी थांबू नकोस, जेवून घे.”

ती बरं म्हणाली. ते कामावर निघताना एकतीस वर्षं ती त्यांना रोज लवकर या म्हणत आली होती. आज ते शब्द ओठांपर्यंत आले आणि तिने ते गिळले.