नातं नसल्याची पत्रं

निघायच्या दिवशी बाबांनी माझ्या दोन्ही बॅगा सूत तोलायच्या काट्यावर चढवल्या. इचलकरंजीत आमच्या घराला लागूनच मागांची शेड. बाबा तिथं जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. "तेवीस किलोच्या वर एक बॉबिनसुद्धा नको," म्हणत त्यांनी मेतकुटाची तिसरी बरणी बाहेर काढली. त्यांची पाठ वळल्यावर आईनं ती परत कोंबली. शेवटी वजन जमवायला माझी टेक्स्टाईल डिप्लोमाची पुस्तकं घरी राहिली. "तिकडं जाऊन काय माग चालवणारेस?" आई म्हणाली, आणि मलाही ते पटलं. माझा नवरा मिलिंद नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळ इंजिनिअर म्हणून लागला होता, आणि माझा व्हिसा त्याची बायको म्हणून होता. गाडी सुटेपर्यंत आईचं एकच चाललेलं, "माणसं जोडून ठेव गं."

जोडली की! आम्ही बेस्ट नावाच्या गावात राहतो. इथे पोरांना शाळेत सोडायला 'बाकफीट्स' वापरतात. समोर मोठी लाकडी पेटी असलेली सायकल, पेटीत पोरं, वर पावसाचं टप. आम्ही जुनी घेतली तिचं टप फाटकं होतं. मी ते शिवलं. पण आत बसलेल्या आमच्या सहा-सात वर्षांच्या इराच्या श्वासानं प्लास्टिकची खिडकी धुरकट व्हायची आणि पोरगी रडायची. मग डिप्लोमा जागा झाला. कुठलं कापड कुठे लावलं की हवा खेळेल आणि पाणी आत येणार नाही, यावर मी चार महिने घालवले. जमलं. शेजारच्या मराठी घरांनी पाहिलं आणि एकेकजण यायला लागला. टपाचं माप घ्यायला आलेला माणूस आमच्याकडे पोहे खाऊन जायचा, टप न्यायला येताना शेंगदाण्याची चटणी आणायचा. मी धंद्याची रीतसर नोंदणी केली होती, पण घरात धंदा चाललाय असं कुणाला वाटायचं नाही. मलाच वाटायचं नाही!

चौथ्या वर्षी मिलिंदचं अख्खं डिपार्टमेंट बंद झालं. तीन महिन्यांत तशीच दुसरी नोकरी नाही मिळाली तर इथला मुक्काम संपला, त्याचाही आणि त्याच्या नावावर राहणाऱ्या आम्हा दोघींचाही. मिलिंद रोज अर्ज करायचा. दहा वर्षांची इरा शाळेत सायकल चालवण्याच्या परीक्षेची तयारी करत होती. ती डचमधून म्हणाली, "परीक्षेच्या आधी जायचं की नंतर?" मी उगाच तिच्या हेल्मेटचा पट्टा नीट करत बसले.

मिलिंदनंच शोधून काढलं, की स्वतःच्या व्यवसायावरही इथे राहण्याचा परवाना मिळू शकतो. अनुभवाला गुण, व्यवसायाच्या आराखड्याला गुण, आणि तुमचा या देशाला उपयोग काय, यालाही गुण. बाई गं! माझा उपयोग काय, हे लग्नाच्या बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आता एक सरकार विचारत होतं. आम्ही योलांदा नावाच्या सल्लागार बाई गाठल्या. त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकांची पत्रं आणा.

एवढंच ना? आठवड्यात इंग्रजीत लिहिलेली अकरा पत्रं जमली. वाचताना मला रडू फुटलं. 'वैशाली आम्हाला सख्ख्या बहिणीसारखी.' 'माझ्या बाळंतपणात हिनं दोन आठवडे डबा दिला.' 'व्यवहार आहे असं तिनं कधी जाणवूच दिलं नाही.' शेजारच्या श्रुतीवहिनींच्या दीड पानाच्या पत्रात तर टपाचा उल्लेखच नव्हता, सगळे उकडीचे मोदक. मी मोठ्या दिमाखात फाईल योलांदाबाईंपुढे ठेवली.

त्यांनी सगळी पत्रं शांतपणे वाचली. "छान. तुमचे नातेवाईक खूप आहेत इथे."

"नातेवाईक नाहीत, गिऱ्हाइकं आहेत!"

"मग यात तसं लिहिलेलं का नाही? अधिकारी म्हणतील, घरच्या लोकांनी घरच्या बाईला दिलेली पत्रं. यातलं एकही धरणार नाहीत."

मी तरातरा बाहेर आले. काय कोरडी माणसं, असं मराठीतून पुटपुटत सायकल हाणली. पण घरी येऊन पत्रं पुन्हा वाचली. बाईंचं काय चुकलं होतं? चार वर्षं मी सगळ्यांना घरचं करून टाकलं होतं, आणि आता घर टिकवायला मला परके लोक हवे होते.

मग मी एक टप घेऊन जवळच्या पाळणाघरात गेले. तिथे चार बाकफीट्स होत्या. संचालिका हसली नाही, चहा विचारला नाही. "दोन आठवडे वापरून बघते," म्हणाली. पंधराव्या दिवशी तिचं पत्र आलं. 'खिडकी धुरकट होत नाही. मुलं रडत नाहीत. बाई वेळेवर येतात. आणखी तीन टपं घेणार आहोत.' चार ओळी! ब्रेडा शहरातल्या एका सायकलवाल्यानंही तसंच दिलं. कोरड्या माणसांबद्दल मी जे बोलले होते ते सगळं त्या दिवशी मागे घेतलं.

राहिलं सगळ्यात अवघड काम. मी अकरा घरांत जाऊन सांगितलं, पत्र पुन्हा लिहा, पण माया काढून लिहा. श्रुतीवहिनी आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुला परकं करून लिहू?"

"हो वहिनी. एकदाच."

त्या टेबलाशी बसल्या. तीनदा कागद बदलला. शेवटी इंग्रजीत लिहिलं, 'श्रीमती चौगुले यांच्याशी आमचे कोणतेही नाते नाही. त्यांनी बनवलेले टप आम्ही विकत घेतले. ते उत्तम आहे.' सही केली आणि पदराला डोळे पुसले. "घे. आता जेवूनच जा, नाहीतर फाडून टाकीन." इतक्या मायेनं मला कुणी परकं केलं नव्हतं. बाकीच्या दहा घरांनीही तसंच लिहून दिलं. त्यांचे उपकार मी कसे फेडणार?

अर्ज मुदतीत गेला, त्यामुळे निकालापर्यंत राहता येणार होतं. पाच महिन्यांनी निकाल आला. परवाना माझ्या नावावर, आणि मिलिंद माझा नवरा म्हणून माझ्या नावावर. "आता घरात तुझंच चालणार म्हण की," तो म्हणाला. आधी काय त्याचं चालत होतं! हसता हसता आम्ही दोघंही रडलो. इरा परीक्षा केव्हाच पास झाली होती, ती आमच्याकडे बघून वैतागून निघून गेली.

मी इचलकरंजीला फोन लावला. एवढ्या महिन्यांत आईनं एकदाही विचारलं नव्हतं, तुम्ही येणार की राहणार. बातमी ऐकून ती ओरडलीच. पेढे, देवाला साखर, शेजाऱ्यांना हाका. मग म्हणाली, "मग उद्या शाळेत सांगून येते."

"कुठल्या शाळेत?"

"तुझ्याच की. इराचं नाव घालून ठेवलं होतं मी. आता म्हणते, जागा दुसऱ्या पोरीला द्या."

बाबांनी फोन घेतला. "अगं, तिच्याकडं लक्ष नको देऊ. तू राहा तिकडं. चांगलं केलंस."

तुमच्यातही कुणी असं निघून आलं असेल, कुणी मागे राहिलं असेल. घर म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर आता सांगता येतं. इथे अकरा घरांनी मला ठेवून घ्यायला परकं म्हटलं. आणि तिथे आईनं आमच्यासाठी धरून ठेवलेली जागा दुसऱ्या दिवशी स्वतः चालत जाऊन सोडली.